अक्काच्या वाट्याचा आंबा

लातूरच्या भाजी बाजारात होते, तेव्हा रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची सून. "मावशी, आई गेल्या..." नांदेडला पोचल्यावर खरं काय ते तिनं मागच्या खोलीत, दार लोटून सांगितलं. सकाळी अक्कानं आणलेलं टरबूज फिकं निघालं. दाजींनी अर्धी खाल्लेली फोड तशीच ताटात टाकली. "एवढी वर्षं बाजार करून हेच शिकलीस?" अक्काला आदल्या दिवसापासून चक्कर येत होती. रेखा म्हणाली, दुसरं आणायला मी जाते. पण तिला दाजींचं बोलणं लागलं होतं. भर उन्हात पिशवी घेऊन निघाली आणि बाजाराच्या तोंडाशीच कोसळली. दवाखान्यात ऊन लागल्याचं सांगितलं. घरात मात्र सगळे म्हणत होते, "देवानं नेलं."

शेतकरी बाजारात अक्काचा हात सहसा चुकायचा नाही. "रंगावर जाऊ नको सुमे, देठाशी वास घे," मला म्हणायची. टरबुजाचं भुईला टेकलेलं पोट पिवळं झालंय का बघायची. भेंडी कोरडी पुसून ठेवायची, कोथिंबीर निवडून ओल्या फडक्यात. आंबे खाटेखाली गवतात घालायची अन् रोज खालवर करायची. चांगले दाजींना, मग मुलाला, पाहुण्यांना. डाग पडलेला तेवढा तिला.

एका उन्हाळ्यात मी आले होते. लोह्याकडचे गावरान आंबे घेतले आणि तिनं ऑटो एकदम घाटाकडं वळवायला लावला. गोदावरीच्या पायरीवर बसून आम्ही आंबे चोखले. रस कोपरापर्यंत आला होता. "घरी नेला की माझ्या वाट्याला कोय येती," ती हसत म्हणाली. मग तोंड धुतलं, पदराला डाग लागला का ते दोनदा बघितलं. इतकी हसताना मी तिला त्यानंतर पाहिलं नाही...

तेराव्याला तिनंच पिकत घातलेल्या आंब्यांचा रस झाला. दाजी पाहुण्यांना सांगत होते, "हिला आंबा आवडतच नव्हता. आम्हालाच खाऊ घालायची." कुणीतरी म्हणालं, साक्षात अन्नपूर्णा! माझ्यानं राहवलं नाही. "दाजी, तिला आंबा लई आवडायचा."

"छे! एवढ्या वर्षांत कधी खाताना न्हाई बघितली."

खरंच बोलत होते ते. म्हणूनच जास्त संताप आला.

पाहुणे गेल्यावर रेखा उरलेले आंबे निवडत बसली. घट्ट, पिवळे आंबे टोपलीत. मऊ पडलेले स्वतःच्या बाजूला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी टोपलीतला सगळ्यात चांगला आंबा उचलून तिच्या हातात दिला. म्हटलं, "आधी तू खा."

आंबा हातात धरून तिनं बैठकीकडं बघितलं. दाजी तिथं बसले होते. तिनं हळूच तो टोपलीत ठेवला.