तुरीचा राखणदार

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, एक गोष्ट सोडून. ती कोणती, ते शेवटी सांगीन. आधी माझी अब्रू कशी गेली ते तर ऐका!

तेव्हा मी पंचविशीत होतो. कुहीकडच्या एका गावात मुलगी पाहायला जायचं होतं. दोन ठिकाणांहून आधीच नकार आलेला. हे स्थळ गेलं की आपण मारुतीच! वडील सकाळच्या एसटीनं पुढे गेले, मी मागून स्कूटरनं. कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, केसांना चपचपीत तेल. थाट विचारू नका!

गाव मैलभर राहिलं अन् पाहतो तर काय? भर डांबरी रस्त्यावर तूर! शेंगांसकट, चांगली पन्नास पावलं पसरलेली. आणि समोरून येतोय ट्रक!

आम्ही शहरात वाढलेलो. तूर आम्हाला फक्त वरणात भेटलेली. मला वाटलं, कुण्या गरिबाची गाडी उलटली! रस्त्यात उभा राहिलो, हात पसरले.

"अन्न आहे ते! गाडी खाली घ्या!"

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अबे, हट ना! पगला गया क्या?"

"माणुसकी आहे की नाही?"

उतरला बिचारा कच्च्यात. मागून दुसरा ट्रक, मग एसटी, मग सात बैलगाड्या. दोन तास मी सगळ्यांना खाली उतरवलं. एक शेंग फुटू दिली नाही! छाती अशी फुगलेली!

तेवढ्यात धोतर सावरत एक गृहस्थ धावत आले.

"कोन होय गा तू? टरक काहून खाली उतरवून राहिला?"

"काका, तुमची तूर वाचवली!"

"वाचवली? अरे, टायराखाली शेंगा फुटाव्या म्हून तं पसरवली! सकायपासून वाट पाहून राहिलो मी. चालला कुठं तू?"

"शामरावजींकडे. मुलगी पाहायला."

"मीच शामराव."

त्यांच्या मागे माझे वडील उभे होते. त्यांनी मला ओळख दाखवली नाही!

शामरावजींनी तुरीकडे बोट केलं. "आता तूच फिर त्याच्यावरून, गाडी घेऊन." फिरलो! दुपारभर, इकडून तिकडे. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून त्यांची मुलगी सांगत होती, "कडेची राह्यली जी!"

शेवटी तिच्या बापानं तिला विचारलं, "काय वं, पसंत हाय का?"

"अक्कल नाही," ती म्हणाली, "पन सांगितलं तिकडं फिरते. चालन."

तेव्हापासून फिरतोच आहे!

हां, तर खोटं काय? स्कूटर. सायकल होती हो, अन् ती पहिल्याच फेरीत पंक्चर झाली. उरलेली तूर मी पायांनी तुडवली. शामरावजींचा बैल तेवढा वेळ सावलीत बसून, रवंथ करत माझ्याकडे पाहत होता.