गच्चीवरची होडी

ज्याने आयुष्यभर पाणी मोजलं पण पन्नाशी उलटेपर्यंत गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात पाय टाकला नाही, आणि निवृत्तीनंतर थेट समुद्रावर संसार थाटायला निघाला, असा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच. तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. वयाने आम्ही बरोबरीचे. बायकांच्या माहेरी एकाच मांडवात ओळख झाली तेव्हापासून तो मला 'पाव्हना' म्हणतो आणि मी त्याला. एकमेकांना नावाने हाक मारायची पाळी आमच्यावर कधी आली नाही.

पाव्हणा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होता. तापीला किती पाणी आलं आणि किती पुढे गेलं, हे लिहून ठेवण्यात त्याची बरीचशी नोकरी गेली. हे पाणी पुढे जातं कुठे, हा प्रश्न त्याला निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पडला आणि तो डोक्यात घर करून बसला. एरवी त्याची समुद्राशी ओळख म्हणजे एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर सुरतेकडे गेला असताना ओला झालेला पायजमा. पण मोबाइलवर त्याने शिडाच्या होडीत राहून देशोदेशी फिरणारी म्हातारी जोडपी पाहिली आणि एके दिवशी जाहीर केलं, की आपण दोघं नवरा-बायको आता पाच वर्षं होडीवर राहणार, थायलंडपासून सुरुवात.

मी हसलो. तो हसला नाही.

त्याची तयारी सांगावी तेवढी थोडी. शहाद्याच्या घराच्या गच्चीवर त्याने चुन्याने होडीचा आकार आखला, छत्तीस फूट लांब, अकरा फूट रुंद, टोकाला निमुळता. आत दोन पाट मांडले ते स्वयंपाकघर, टांगलेली खाट म्हणजे शयनगृह. दर शनिवार-रविवारी दोघं त्या रेषेच्या आत राहायची. आत जायला मागच्या बाजूला हातभर जागा सोडलेली, ते फाटक. एकदा मी चहाचा कप घेऊन सरळ रेष ओलांडली, तर पाव्हणा शांतपणे म्हणाला, "पाव्हना, बुडना तू." बुडालेल्या मला पुन्हा फाटकातून यावं लागलं. तोवर चहा निवला.

पोहणं तो सत्तावन्नाव्या वर्षी शिकला, प्रकाशा गावाजवळ, तापीत. ट्रॅक्टरची ट्यूब माझ्या दुकानातली, कमरेला दोरी, आणि दोरीचं टोक माझ्या हातात. घाटावर आंघोळीला आलेल्या एका बाईला वाटलं, हा काही नवस फेडतोय. तिने मोठ्या श्रद्धेने त्याला नमस्कार केला आणि नारळ माझ्या हाती दिला. पाव्हण्याने बुडता बुडता तिला आशीर्वाद दिला. मी मात्र दोरी दोन वेढे घेऊन मनगटाला गुंडाळली होती. घरी जाऊन पाहिलं तर मनगट सोललेलं.

आणि पोटाचं काय? नोकरीची शेवटची वर्षं धडगावला गेली. घाटात जीपने तिसरं वळण घेतलं की पाव्हण्याचं डोकं खिडकीबाहेर. मी विचारलं, जो घाटात टिकत नाही तो लाटांवर कसा टिकणार? म्हणाला, "घाटमा वळण दिसस म्हनीसन पोट ढवळस. समुद्रमा वळणच नही." 

ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तरी त्याला आवरेल अशी माझी आशा होती. ती बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवत होती. समुद्रावर पापड मिळत नाहीत म्हणून वर्षाचे करून ठेवत होती, शिवाय नंदुरबारची मिरची, दळून, सात डब्यांत. मी तिच्यावरच चिडलो. ती म्हणाली, "यास्ले एकलं कसं सोडू, भाऊ? मीठना डबा सापडस नही यास्ले."

आता माझं दुखणं सांगतो. मी बैलबाजारात दलालीने सुरुवात केली, आज जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. दोन्ही घरांत सुईपासून सोयरिकीपर्यंत एकही सौदा माझ्याशिवाय झालेला नाही. त्याचा शहाद्याबाहेरचा मोकळा प्लॉट मी तीन महिने झुंजून मिळवून दिला होता. तोच प्लॉट पाव्हण्याने गुपचूप विकला, आणि होडी घेतली. फोनवर, फोटो पाहून, समोरच्याने सांगितलेल्या किमतीला! आम्ही बैल घेतो तर दात बघतो, शेपूट धरतो, चालवून बघतो. याने तिकडच्या बंदरातली, कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली होडी 'बरं' म्हणून घेतली. मला विचारलंसुद्धा नाही. पंधरा दिवस मी त्याच्या घरचं पाणी प्यालो नाही. सोळाव्या दिवशी गेलो, कारण बंगालच्या उपसागरात वादळ असल्याची बातमी होती आणि ती त्याला दाखवायची होती.

निरोप समारंभाच्या संध्याकाळी तो खांद्यावर खात्याने दिलेली शाल घेऊन गच्चीवर बसला होता. आठवड्याने विमान होतं. मी म्हणालो, पाच वर्षं फार आहेत. तो म्हणाला, मग तुझ्या पद्धतीने ठरवू. शाल काढून त्याने आमच्या दोघांच्या हातांवर टाकली.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक वर्ष, असं ठरलं. मूठ मिटली की सौदा मोडला. मला मूठच मिटवायची होती. होडी विकून टाकायला लावायची, हे मी ठरवून आलो होतो.

त्याने पाच बोटं दिली. मी तीन धरली. त्याने ओढली नाहीत. मी दोन धरली, तरी नाही. तळवा गार होता, घामेजलेला. असा हात मी बाजारात शेकडो वेळा धरलाय. तो हात सांगतो, की माणूस आतून हरलाय, आणखी एक श्वास थांबा, तो मिळेल त्या भावाला येईल. मी थांबलो. पाव्हणा माझ्याकडे बघतच नव्हता. समोर ताई चुन्याच्या रेषेच्या आत ताटं मांडत होती, आणि मला म्हणून तिसरं ताट मांडायला ती फाटकाजवळची जागा पुसत होती. पाव्हणा तिकडे बघत होता.

मी हात सोडला. "दोन," म्हणालो. "ठरलं."

शालीची घडी करायला त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "होडी लेतांना तुले काब्र नही इचारं, माहीत शे? तू सौदा मोडी टाकता, पाव्हना. आनि मी मोडू देता." विचारलं असतं तर होडी आलीच नसती, हे त्याला ठाऊक होतं.

आता दोघं थायलंडला जाऊन चार महिने झाले. आठवड्याला एक निरोप येतो, कधी दहा दिवस येत नाही, तेव्हा मी दुकानात कुणाशीही भांडतो. दर रविवारी गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालायला जातो. तुळस होडीच्या पुढच्या टोकाला, रेषेच्या आत आहे. चुना पुसट झालाय, कुठून रेष आहे ते नीट दिसत नाही, आणि बुडालास म्हणायलाही कुणी नाही. तरी मी कळशी घेऊन मागच्या फाटकाने आत जातो आणि फाटकानेच बाहेर येतो.