अर्ध्या मीटरचं स्वयंपाकघर

तळ्याच्या काठापासून तीस मीटरच्या आत बांधकाम नाही, हा नियम आमच्या ऑफिसातल्या मोजणीदारकाकांनी डोळ्यांत तेल घालून पाळला. फक्त अर्ध्या मीटरसाठी सख्ख्या बहिणीचं वाढीव स्वयंपाकघर नाकारलं. अकरा वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. फीत मात्र ते नेहमी एकाच जुन्या दगडापासून लावायचे.

आज नव्या मॅडमनी मूळ नकाशा उलगडला. तो दगड दुष्काळात तळं आटलं तेव्हाच्या काठावर रोवलेला! खरा काठ वीस मीटर अलीकडे, घरांच्या बाजूला. ज्या कपाटात नकाशा होता, त्यावर आम्ही मेले रोज चहाचे कप ठेवत होतो!

काकांनी फोन लावला.

"ताई, स्वयंपाकघराचं सोड. तुझं अख्खं घरच तीस मीटरच्या आत आहे. मंजुरीवर सही माझी आहे."