ठोक्यांचा भाव

घोरपडे सर नसते तर मी पोलीस अधिकारी झालो नसतो. सीमाभागातल्या आमच्या मराठी शाळेत ते गणित शिकवत. दहावीनंतर वडील मला तंबाखूच्या वखारीत लावणार होते. सर घरी आले आणि वडिलांचा होकार घेऊनच उठले. घरातला मी पहिला पदवीधर. नोकरीतलं बरंवाईट मी त्यांना पत्राने कळवत असे. एक प्रकरण मात्र कळवताना हात अडखळला. ते अजून मनातून जात नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बेंगळुरूच्या विमानतळाकडे, देवनहळ्ळीजवळच्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली आणि एक कॅबचालक अर्ज घेऊन आला. तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेल्या मराठी घरातला. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तो मराठीत बोलू लागला.

"साहेब, मालकाने कामावरून काढलं. म्हणतो, तुझे ठोके चुकतात, गाडीत मेलास तर प्रवाशांचं काय? अहो, मी पाण्याचा कॅन घेऊन तीन मजले चढतो!"

"मालकाला कुणी सांगितलं?"

"तेच विचारायला आलोय. मी डॉक्टरकडे गेलोच नाही."

मालकाने सगळ्या चालकांना मनगटावर बांधायचं घड्याळ फुकट दिलं होतं. ते पावलं, झोप, हृदयाचे ठोके मोजायचं. रोज पाच हजार पावलं झाली, तर विमानतळाची भाडी आधी मिळत.

मालकाला बोलावलं. तो निवांत होता. "घड्याळवाली कंपनी दर महिन्याला यादी पाठवते, सर. मी स्वल्प काळजी घेतो, एवढंच."

यादी जप्त केली आणि जे. पी. नगरातून कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला आणलं. पुण्याकडचा, नम्र तरुण. दोन तास तो "सर, युजरने संमती दिलीये" एवढंच म्हणत राहिला. शेवटी मी कायदा बाजूला ठेवून विचारलं, "घड्याळं फुकट वाटता, मग तुमचं चालतं कशावर?"

तो हसला. "घड्याळात काय मिळतं, सर? किंमत माहितीला. विमावाले घेतात, औषधवाले घेतात. धडधाकट माणसाला फारसा भाव नाही. ठोके चुकणारा असेल तर तिप्पट."

चालकाची तपासणी करून घेतली. हृदय ठणठणीत. घड्याळ मात्र बिघडलेलं नाही, असं तरुण ठामपणे सांगत होता. चालकाला पुन्हा समोर बसवलं.

"खरं बोल. घड्याळ कुणाच्या हातात असायचं?"

त्याने मान खाली घातली. "सरी, बरं साहेब, सांगतो. दिवसभर स्टिअरिंगमागे बसून पाच हजार पावलं कुठून आणू? बायको चार घरची कामं करते. तिला बांधायचो. आमच्यात सगळेच असं करतात."

मला आनंद झाला. गाठ सुटली होती. पुरवणी जबाब घेतला, पंचनामा केला, घड्याळ सीलबंद केलं. तीन दिवस कागदपत्रांत गेले. चौथ्या दिवशी सकाळी जबाब टाइप करता करता आमची महिला कॉन्स्टेबल थांबली.

"सर, म्हणजे ठोके बायकोचे चुकतायत ना? तिला कुणी सांगितलं?"

नवऱ्यालाही ते सुचलं नव्हतं. आम्ही जीप काढली. पोचलो तेव्हा शेजारणी तिला रिक्षात घालत होत्या. चुकत्या ठोक्यांमुळे झालेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. ती वाचली, पण उजवा हात लुळा पडला.

चालकाला काम परत मिळालं. आरोपपत्र दाखल झालं, खटला रेंगाळला, कंपनीने नाव बदललं. माणसं ओळखण्यात माझी सगळी नोकरी सरली. पण पुरावा हाती आला की त्यामागचं माणूस दिसेनासं होतं, हे मला शेवटच्या वर्षी कळलं. सरांना मी लिहिलं ते असं:

"तीर्थस्वरूप सरांस साष्टांग नमस्कार.

आजवर बढतीची पत्रं लिहिली. हे तसं नाही. एका बाईचा जीव धोक्यात आहे हे घड्याळ कंपनीला कित्येक महिने ठाऊक होतं, गाडीमालकाला काही आठवडे, मला तीन दिवस. तिला कुणीच सांगितलं नाही. त्यांना नफा हवा होता, मला केस. माझे तीन दिवस आरोपपत्रात कुठेच नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितो.

काल तिच्या घरी जाऊन हे सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग 'बसा साहेब' म्हणाली आणि डाव्या हाताने चहाचा पेला पुढे केला. तो हिंदकळला. मी प्यालो.

निवृत्तीनंतरही तुम्ही शाळेत जाऊन मुलांना माझं नाव सांगत असता, असं ऐकतो. सांगणार असाल, तर हेही सांगा.

आपला विद्यार्थी"