बाजेवरून मळ्याकडे

परदेशातली माणसं होडीतून आठवडेच्या आठवडे कालव्यांमधून हिंडतात, होडीतच रांधतात, होडीतच झोपतात. असले व्हिडिओ पाहून पाहून माझं डोकं फिरलं होतं. आपणही एकदा लांबचा जलप्रवास करायचा! पण वाशीम जिल्ह्यात होडी कुठून आणायची? आमच्याकडे माणूस पाण्यात उतरतो तो मोटरपंपाची जाळी साफ करायला.

ऐकून ऐकून बायकोचे कान किटले. तिनं हे तिच्या वडिलांच्या कानावर घातलं. सासऱ्यांचं अख्खं गाव धरणात गेलेलं, आणि गावासोबत त्यांचा भाजीचा मळाही. आमचं लग्न त्यानंतरचं.

"जवाई, नाव मी बनवतो," ते म्हणाले. "फक्त मले माह्या मळ्यावर घेऊन चाला. लय वर्स झाले, गेलोच नाही तिकडं."

मला एकदम भरून आलं. मग नाव पाहिली आणि भरून आलेलं ओसरलं. ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा आणि त्यांवर बांधलेली घरातली बाज. वल्ही म्हणजे बांबूंना ठोकलेल्या फळ्या.

दुपारी वारा सुटायच्या आत मळा गाठायचा, म्हणून सकाळीच निघालो. सासरे पुढे बसले. मांडीवर कापडी पिशवी होती, तिला हात लावू देईनात.

काठाकाठानं त्यांच्याच गावकऱ्यांची, धरणातून वाचलेली शेतं, आणि आमच्याकडे एका घरचा जावई म्हणजे साऱ्या गावाचा जावई. पहिल्याच शेतातून एकजण ओरडला, "काहून जी, जवायाले वल्हवाले लावलं? लाज नाही वाटत?"

सासऱ्यांनी ओशाळून वल्हं स्वतःकडे घेतलं. बाज जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. तो माणूस मोटर पाहायला वळला, तेव्हा मी वल्हं परत घेतलं.

पुढे प्रत्येक धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तीच हाक, "च्या घेऊन जा!" जन्मात कुणाच्या चहाला नाही न म्हणालेले सासरे आज हात हलवून सांगत होते, "आज नाही!" मग लोक गुडघाभर पाण्यात शिरत आणि बाजेवर भाजी ठेवत. जावई रिकाम्या हातानं जाईल कसा? वांगी झाली, मेथीच्या जुड्या झाल्या, शेवटी एक भलंमोठं कोहळं आलं. बाज खाली गेली आणि माझी पँट ओली झाली.

"मामाजी, हे कोहळं मी फेकून देतो!"

"देल्लेलं फेकत नसतेत. अन् वांग्याईवर पाय ठिवू नका."

माझं टाळकं सरकलं. त्यात वारा सुटला. एक हात पुढे सरकावं, तर दोन हात मागे.

"आता परत फिरू," मी म्हणालो.

ते पिशवी घट्ट धरून समोर बघत राहिले. ते तोंड मला बघवेना. मनातल्या मनात कोहळ्याला शिव्या घालत मी वल्हवत राहिलो.

बऱ्याच वेळानं टेकडीवरचं देऊळ आणि पलीकडचा मोबाईलचा टॉवर एका रेषेत आले. "थांबा," ते म्हणाले. "हाच."

चारही बाजूंना नुसतं पाणी. आता ते रडतील म्हणून मीही रडायच्या तयारीला लागलो. पण त्यांनी पिशवी उघडली, जुना थर्मास काढला, दोन कपबशा काढल्या आणि कोहळ्याला टेकवून ठेवल्या.

"सकाळपासून दुसऱ्याच्या धुऱ्यावरून येऊन राह्यलो," ते म्हणाले. "आता माह्या मळ्यात आले तुमी. च्या घेतल्याबिगर जाऊ देत नाही."

चहा पार गार झाला होता.

"साखर बरोबर हाय ना, पाव्हणे?"

बशी रिकामी करून मी कप पुढे केला आणि आणखी मागितला.