फाट्यावर न थांबलेली गाडी

माईक हातात आला की मी कुणालाही काहीही बोलू शकते. अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना, भर चौकात. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही — आईपुढे नाही, मोहिमेतल्या पोरींपुढे तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलतेय.

आमची मागणी साधी होती. गावांची बंद केलेली एसटी परत सुरू करा. बस बंद झाली की गावात सगळ्यात आधी घरी कोण बसतं? मुलगी. हे वाक्य माझं. पत्रकावर ठळक छापलेलं. लोक ते अजून मला म्हणून दाखवतात.

आता बसच नसलेल्या गावांत जायचं कसं? भाड्याची गाडी लावून. माझी खोली नांदेडला. तिथून दिवसाची गाडी करायची, पहाटे निघायचं, रात्री परत. एक दिवस भोकरकडचा, एक कंधारकडचा, आणि एक लांबचा — कंधारवरून आतल्या रस्त्यानं लातूर, तिथे आमच्या पोरींना घेऊन पुढे निलंगा. आखणी सगळी माझी. सभा कुठे, जेवण कुठे, कुणाला कुठून उचलायचं — मला त्याचा माज होता म्हणा ना.

आणि आपल्याकडे भाड्याची गाडीही कधी एकट्याची नसते. "शहराकडंच चाललाव की" म्हणत कुणी होस्टेलवरच्या पोराचा डबा देतं, कुणी डाळीचं गाठोडं, कुणी म्हातारा डोळे दाखवायला शेजारी येऊन बसतो. मी कधीच नाही म्हटलं नाही. ताईची गाडी फाट्यावर थांबती — हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

ज्योती कंधारपलीकडच्या एका गावची. बारावी झालेली. लातूरला नर्सिंगला नंबर लागला होता तिचा. मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं, दुपारच्या आत. नाहीतर जागा पुढच्या मुलीला. नेमकी त्याच दिवशी आमची निलंग्याची फेरी. तिनं फोन केला. "ताई, लातूरपस्तोर नेता का? मी मागं बसते गुमान, कायच तरास देत न्हाई." मी म्हटलं, "सकाळी फाट्यावर उभी राहा."

तेव्हा मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं का? आता मलाही सांगता येत नाही.

आम्हाला शिबिरात शिकवलं होतं — पत्रकाला चेहरा लागतो. नुसती मागणी कोण वाचतो? एक माणूस दाखवा, त्याचं काय गेलं ते दाखवा. मी महिनोन्‌महिने फिरत होते आणि चेहरा सापडत नव्हता. कुणाची शाळा सुटली होती, पण आईबाप म्हणायचे, तिलाच शिकायचं नव्हतं. कुणाचं लग्न झालं होतं, पण पोरगी सुखात. सगळं अर्धवट. आदल्या संध्याकाळी मी नकाशावर दुसऱ्या दिवसाचा रस्ता आखत बसले होते, आणि त्या फाट्याशी येऊन माझं बोट थांबलं. हुशार मुलगी. लागलेला नंबर. नसलेली बस. फक्त — ती पोचायला नको होती.

तुम्हाला वाटेल, निदान फोन करून नकार द्यायचा होता. तेच तर. मी येत नाही म्हटलं असतं, तर तिचा चुलता शेतावर न जाता सकाळीच तिला मोटारसायकलवर लातूरला सोडून आला असता. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी फोन केला नाही.

गाडी मुस्तफाभाईंची होती, नांदेडचेच ते. फाटा लांबून दिसला. पिवळा ड्रेस, छातीशी धरलेली पिशवी. गाडी ओळखून तिनं हात केला — थांबवायला नाही, नमस्कारासारखा. थांबणार हे तिला माहीतच होतं ना.

"मॅडम, पोरगी उभी हाय. तुमचीच दिसतीय."

"सरळ चला."

"मागं सगळी जागा खाली हाय की."

"मुस्तफाभाई, उशीर होतोय."

त्यांनी वेग कमी केला होता, तो वाढवला. "बरं. गाडी तुम्ही लावलीय," एवढंच म्हणाले. मी आरशात पाहिलं नाही. थोड्या वेळानं फोन वाजायला लागला. मी तो पालथा घालून ठेवला. तो लातूर येईपर्यंत वाजत होता. मग थांबला.

परतताना गाडी तिच्या घरी वळवायला लावली. म्हटलं, पहाटे दुसऱ्या रस्त्यानं जावं लागलं, फोन पिशवीत होता, ऐकूच आला नाही. तिनं विश्वास ठेवला. म्हणाली, "तुमच्यासारखीच एक गाडी गेली ताई, मी येड्यासारखा हात केला." दुपारपर्यंत तिथेच उभी होती. चुलता शेतावर, त्याचा फोन लागेना, आतल्या रस्त्याला दुसरं वाहन नाही. तिची आई आमच्यासाठी चहा टाकत होती. ज्योतीला रडू फुटलं. मी मोबाईल काढला. ती ओढणीनं डोळे पुसायला गेली, तेव्हा मी म्हटलं — हे वाक्य मी कुठेच छापलेलं नाही — "थांब, पुसू नकोस. जरा इकडे बघ."

फोटो चांगला आला. फार चांगला आला. पत्रक नांदेड-लातूरभर गेलं, पेपरवाल्यांनी उचललं, आणि बस सुरू झाली. पहिल्या दिवशी बसला ओवाळलं ज्योतीनंच. मग माझ्याकडे वळून मलाही कुंकू लावलं. मी कपाळ पुढे केलं.

मी लोकांना विचारत फिरायचे, मुलीचं वर्ष वाया घालवणारे तुम्ही कोण? आवाज चढवून विचारायचे. अजूनही विचारते.

मुस्तफाभाईंची गाडी मी पुन्हा कधी लावली नाही. ते कुणाला सांगतील अशी भीती नव्हती. पण तिच्या अंगणात मी फोटो काढत होते तेव्हा ते चहा न घेता उठून गाडीत जाऊन बसले होते.

पुढच्या वर्षी ज्योतीचा नंबर लागला नाही. ती त्याच बसनं रोज कंधारला जाते, कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवते. कंडक्टर नव्या प्रवाशांना सांगतो, हिच्यामुळं आली बस. ती हसते आणि म्हणते, "माझ्यामुळं कशाची, ताईमुळं." मागच्या आठवड्यात मी त्या बसमध्ये होते. तिनं खिडकीची जागा मला दिली आणि कंधारपर्यंत उभी राहिली. मी बसून राहिले.