व्हायोलाच्या कागदासाठी वेळणेश्वर आणि जयगड

वेळणेश्वरला लोक देवदर्शनाला जातात, समुद्रात डुंबायला जातात. मी गेले एका कागदासाठी. जाताना वाटेत तीनदा गाडी परत फिरवावीशी वाटली, हे आधीच कबूल करून टाकते.

आम्ही पुण्यातले अकरा जण दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमतो आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यं वाजवतो. व्हायोलिन्स, दोन चेलो, एक डबल बास आणि एक व्हायोला. ती व्हायोलावाली मी. एरवी मी आठवी ते दहावीला रसायनशास्त्र शिकवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा अंगाने जरा थोराड आणि आवाजाने घोगरं वाद्य. ते वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही, थांबलं की मात्र काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांना वाटतं.

मागच्या वर्षी मुंबईतल्या एका जुन्या घराची आवराआवर होताना फेलिक्स बेरनाऊ या संगीतकाराचं एक पाकीट सापडलं आणि फिरत फिरत आमच्या फ्रान्सिस सरांकडे आलं. सर म्हणजे आमचे संचालक. बेरनाऊ व्हिएन्नाचा ज्यू. हिटलरच्या तावडीतून सुटून तो मुंबईला आला, पियानोच्या शिकवण्या करून राहिला, आणि वर इंग्रजांनी त्याला जर्मन पासपोर्टवाला म्हणून काही काळ नजरकैदेतही ठेवलं. घरून आईची पत्रं यायची थांबली त्या दिवसांत त्याने तंतुवाद्यांसाठी नऊ मिनिटांची एक संथ रचना लिहिली. पुढे तो मुंबई सोडून गेला तेव्हा पूर्ण संहिता, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिखाण, प्रवासात हरवली. पाकिटात उरले होते एकेका वाद्याचे सुटे कागद. पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो, बास. माझा नव्हता. पाकिटावर पेन्सिलने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘व्हायोला धोंडूकडे, वेळणेश्वर.’

बेरनाऊची नात मिरियम, वय सत्तरीच्या पुढे, मेलबर्नहून खास आमच्या कार्यक्रमाला यायची होती. तिकीट काढून बसली होती. कार्यक्रमाला उरले होते पंधरा दिवस. सर म्हणाले, “नाही मिळाला कागद तर मी अंदाजाने लिहून देतो.” सर लिहितात छान, पण ती बाई एवढ्या लांबून आजोबांना ऐकायला येणार आणि आम्ही तिला फ्रान्सिस सर ऐकवणार, हे काही मला पटेना. धोंडूच्या पणतसुनेचा फोन नंबर तिथल्या एका घरगुती मुक्कामाच्या मालकांनी शोधून दिला. ती म्हणाली, “या, बघू काय ता.” मी शुक्रवारची रजा टाकली.

पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. पहाटे पाचला निघालात तर जेवायच्या वेळेला शृंगारतळीला पोचाल. घाटातला रस्ता बरा आहे, पण ट्रक अंगावर येतात. एका वळणावर मी इतकी दचकले की मागच्या सीटवरचा व्हायोला खाली आपटला. गाडी बाजूला घेऊन पेटी उघडली, तारा तपासल्या, फळी ठोकून बघितली. काही झालं नव्हतं. तरी पुढचे दहा किलोमीटर मला कुठूनतरी तडकल्याचा आवाज येतच राहिला. शृंगारतळीला पेट्रोल भरून घ्या, एटीएमही तिथेच उरका. पुढे दोन्हींचा भरवसा नाही. तिथून वेळणेश्वर तासाभरात येतं. खोली हजार-बाराशेत मिळाली, जेवण वेगळं. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, आणि आग्रह एवढा की चिंतेतही मी दोनदा भात घेतला. मंदिर, मंदिरामागे माड, माडांमागे समुद्र. जानेवारी संपत आलेला, आंब्यांना मोहोर, आणि जो तो मोहोराच्या काळजीत. मला तेवढंच बरं वाटलं, काळजी करणारी मी एकटीच नव्हते.

पणतसून, म्हणजे सुलभावहिनी, पडवीत सुपारी फोडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि सरळ सांगून टाकलं, “कागद नाय हो. मी लगीन होऊन आले तवापासून तरी नाय बघितला. तात्यांना ठाव असंल. माजे सासरे.”

“मग तात्या कुठे आहेत?”

“ते लेकीकडं, जयगडला. सोमवारी येतील भजनाला.”

सोमवारी मला नववीचा पेपर होता. फोनवर विचारावं म्हटलं तर तात्या फोनवर फक्त ‘हां’ म्हणतात, असं कळलं.

शनिवारी सकाळी घावणे खाऊन निघाले. हेदवीवरून तवसाळला जायचं, तिथे फेरीबोट मिळते. गाडीसकट खाडी ओलांडून पलीकडे जयगड. तिकीट गाडीचं नि तुमचं मिळून दोनेकशे रुपये, वेळ दहा-पंधरा मिनिटं. बोट नुकतीच सुटली असेल तर मात्र पाऊण तास धक्क्यावर बसायची तयारी ठेवा. मी बसले. समोर खाडीच्या तोंडाशी मोठं बंदर, क्रेन, मालाची जहाजं, आणि त्यांच्या पायाशी मासेमारीच्या लहान होड्या. दृश्य बघण्यासारखं आहे, असं लोक सांगतात. मी घड्याळ बघत होते. डोक्यात एकच, आज शनिवार, उद्या रविवार, आणि हात रिकामा.

तात्यांची लेक मनीषा. तिचा नवरा बंदरावर कामाला, तो पाळीवर गेला होता. तात्या ओट्यावर जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. वय पंचाहत्तरच्या आसपास, जन्म सगळा बोटीवर गेलेला. मी व्हायोलाची पेटी उघडून दाखवली आणि कागदाचं विचारलं. त्यांनी जाळं खाली ठेवलंसुद्धा नाही.

“वाळवीनं खाल्ला. मी दहा-बारा वर्षांचा असंन. आज्यानं तर दोन दिवस जेवन नाय घेतलं.”

मला रडूच आलं. खरोखरचं. परक्या ओट्यावर बावन्न वर्षांची बाई रडते म्हणून मनीषा आतून चहा घेऊन धावली. तात्या गडबडले.

“अगो बाय, कागद तो काय. आज्याला वाचता पन येत नव्हता. साहेबानं त्याला एक-दोन-तीन आकडे घालून शिकवलेलं. साहेबाचा सैपाकी होता ना तो. वाजवनारा मिळंना, तवा ह्यालाच उभा केला.”

“म्हणजे धोंडूआजोबा व्हायोला वाजवायचे?”

“मगे! तुज्या त्या पेटीत हाय तसाच बाजा होता. एका पावसात सुटला, फळ्या झाल्या. पन आजा चाल नाय इसरला. भजनात घातलान त्यानं. आमी आजून म्हन्तो दर सोमवारी.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणता का जरा?”

तात्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. शब्द साधेच, धोंडूने स्वतः बसवलेले. वेळणेश्वराला वाट दाखव म्हणून विनवणी होती. चाल मात्र भजनाची नव्हतीच. एकच सूर लांबवर धरलेला, मग अर्ध्या पायरीने खाली, परत तोच सूर. कुठे जात नव्हती, कुठून येत नव्हती. आणि अचानक तात्या थांबले.

मला वाटलं विसरले. मग वाटलं, बरं वाटत नसेल. “तात्या?” त्यांनी डोळे न उघडता एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागले. बारा मोजली. मग पुढची ओळ धरली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, आठ पेरं.

“हे का थांबता?”

“आजा थांबायचा. मोजून. शिकवतानाच सांगायचा, हितं गप ऱ्हायचं, कोन हसला तरी गप ऱ्हायचं.” तात्या हसले. “बाहेरचे बुवा येतात ते म्हन्तात तुमची चाल फुटकी हाय. एकदा डबलबारीत हरलो ह्याच्यापायी. लोकांना वाटलं आमी इसरलो.”

डबलबारी म्हणजे दोन भजनमंडळांचा सामना. त्या गर्दीसमोर ही माणसं बारा मात्रा गप्प उभी राहिली, कारण आजोबांनी सांगितलं होतं.

माझ्या फोनवर आमच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं, व्हायोलाशिवायचं. मी म्हटलं, तात्या, आता हे लावते, याच्याबरोबर म्हणा. त्यांनी कान देऊन पट्टी जुळवली, भजनाच्या माणसाला ते काही नवीन नाही. बरोबर तिसऱ्या मात्रेवर त्यांनी सूर धरला आणि तो त्या सगळ्या आवाजांच्या मध्ये असा बसला की माझ्या अंगावर काटा आला. मग ते थांबले, पेरं मोजू लागले. आणि फोनमधून चेलोची ती लांबलचक धून आली, अख्ख्या रचनेतली सगळ्यात सुंदर जागा.

तात्यांचा अंगठा पेरावरच थांबला. डोळे उघडले.

“हे कोन?”

“चेलो. मोठं वाद्य असतं. या वेळेला ते वाजतं.”

“म्हंजे आमी गप ऱ्हायचो तवा हे चालू असायचं?”

मी मान हलवली. पुढची ओळ धरायची ते विसरले. मनीषा दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. तात्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी गायले नाहीत, नुसते ऐकत बसले.

मग दुपारभर मी त्यांना छळलं. ते गायचे, मी व्हायोलावर वाजवून बघायचे, कागदावर उतरवायचे, पुन्हा विचारायचे. मध्ये मनीषाने सौंदाळे माशांचं कालवण आणि भात वाढला, तोही मी डाव्या हातात पेन्सिल धरून खाल्ला. भजनाच्या ठेक्यात चाल थोडी घाईची झाली होती, तेवढी मी सरळ केली. बाकी सगळं जुळत गेलं. अडलं ते शेवटच्या सुरावर. बाकीची चारही वाद्यं शेवटी ‘सा’वर येऊन विसावतात. तात्या ‘रे’वर थांबले. इतक्या हळू जागी तो सूर चक्क खुपतो.

“तात्या, शेवट असाच आहे? चुकत नाही ना?”

“चुकायला मी काय आज शिकलोय काय?”

मी ‘रे’च लिहून घेतला. पण परतीच्या वाटेवर, रत्नागिरीत मुक्काम करून आंबा घाटाने वर चढताना, सगळा वेळ त्या ‘रे’ने माझा पिच्छा पुरवला. चूक धोंडूची? तात्यांची? की माझीच ऐकण्याची? साठ वर्षांच्या भजनात एक सूर घसरायला कितीसा वेळ लागतो? (हा रस्ता घेणार असाल तर साखरप्याला चहा घ्या, पुढे घाटात थांबायला जागा कमी.)

तालमीला सर खूश झाले. शेवटी कपाळाला आठ्या. “हा सूर आपण दुरुस्त करू. म्हाताऱ्या माणसाची आठवण आहे, चालायचंच.” सगळ्यांचं तेच मत पडलं. मलाही तसंच वाटत होतं, हेच वाईट. तरी मी घरी येऊन मनीषाला फोन लावला आणि तात्यांना द्यायला सांगितलं. तात्या फोनवर ‘हां’पलीकडे बोलत नाहीत म्हणतात, त्या दिवशी बोलले.

“आजा सांगायचा, हितं आला की साहेब दर बारीला डोळे मिटायचा. पन सुधार म्हनून कदी बोलला नाय. बाकी ठिकानी लय ओरडायचा.”

मी सरांना सांगितलं, मी ‘रे’च वाजवणार, आणि जबाबदारी माझी. असं बोलायची माझी पहिलीच वेळ.

कार्यक्रमाला माणसं शंभरएक असतील. मिरियम पहिल्या रांगेत, हातात काठी. नऊ मिनिटांत मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. शेवटचं आठवतं. सगळे ‘सा’वर पोचले, थांबले, आणि माझा सूर एकटाच बाजूला उरला, खुपत. दुसऱ्या व्हायोलिनच्या अनघाने माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं संपलं, मी त्या बाईच्या आजोबांचं वाटोळं केलं. टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला, तोही मला माझ्याच खात्यावर वाटला.

मिरियम नंतर हळूहळू चालत माझ्याकडे आली. तिने विचारलं, शेवटचा सूर कागदात होता का? मी म्हटलं, कागदच नव्हता. आणि धोंडूची, तात्यांची सगळी हकीकत जमेल तशा इंग्रजीत सांगितली. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, व्हिएन्नाला त्यांच्या घरात सगळे मिळून वाजवत. वडील, आई, दोघे मुलगे. व्हायोला आजोबांचा धाकटा भाऊ वाजवायचा. आजोबा एकटे बाहेर पडू शकले, भाऊसुद्धा मागेच संपला.

तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना फोन केला. सगळं सांगितलं.

“भावाचं नाव काय?” तात्यांनी विचारलं. “भजनाच्या आदी आमी गेलेल्यांची नावं घेतो. आज्याचं घेतो, साहेबाचं पन घेतो. ह्याचं र्‍हायलंय.”

मी मिरियमला विचारून सांगितलं. एमिल. तात्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि पुन्हा एकदा मला म्हणायला लावलं, नीट यावं म्हणून.